बशीतले आतडे

दादाला इरिनोटेकानची पहिली सलाइन लावण्याआधी डॉक्टरांनी वहिनीला आणि मला समोर बसवून सांगितले, ''या औषधाने जुलाब होतील. पहिल्या दिवशी झाले तर आम्ही आहोतच. पण खरे जुलाब घरी गेल्यावर, काही दिवसांनी सुरू होतात. गोळ्या आधीच आणून ठेवा आणि पहिला पातळ संडास झाला की वाट न पाहता सुरू करा.'' 'होऊ शकतील' असे ते म्हणाले नाहीत, 'होतील' असे म्हणाले. सहाव्या दिवशी पहाटे ते सुरू झाले. वहिनीने गोळ्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवल्या होत्या, म्हणून अंधारातही लगेच सापडल्या.

दादाला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. आज तो नाही. पण त्या दिवशी मनात आलेला एक प्रश्न मात्र राहिला : हे औषध आतड्याला इजा करते, हे आधी कुणाला, कसे कळले? कोणत्या आतड्यावर पाहून कळले? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेतली. जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही या प्रश्नामागे गेली काही वर्षे मी जुने शोधनिबंध शब्दकोश उघडा ठेवून वाचत आलो आहे. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडतो.

एका पेशीची भिंत

आतड्याचे काम वरवर पाहता परस्परविरोधी आहे. अन्न आत घ्यायचे आणि विष बाहेर ठेवायचे, आणि तेही एकाच भिंतीने. ही भिंत फक्त एका पेशीइतकी जाड असते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य उद्वर्ध असतात आणि त्यांच्या पेशींवर त्याहून सूक्ष्म केसाळ झालर असते. जुन्या पुस्तकांत आतड्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे सांगत. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप करून ते सुमारे ३० चौरस मीटरवर आणले. तरीही ते एका बऱ्यापैकी मोठ्या खोलीएवढे आहेच.

शेजारशेजारच्या पेशी वरच्या कडेला एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. ही शिवण सैल झाली तर नको ते पदार्थ पेशींच्या मधून आत शिरतात. शिवाय ही भिंत सतत नवी होत असते. उद्वर्धांच्या पायथ्याशी खळगे असतात, त्यांत मूलपेशी अखंड विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत शेंड्यावरून गळून पडतात. वेगाने विभागणाऱ्या पेशी मारणे हेच कर्करोगावरच्या बहुतेक जुन्या औषधांचे काम. म्हणून ती आतड्यालाही मारतात.

अशा भिंतीवर एखाद्या पदार्थाचा काय परिणाम होईल, हे जिवंत माणसाच्या पोटात पाहता येत नाही. निरोगी आतड्याच्या पेशी काढून बशीत वाढवाव्यात, तर जागेवरून सुटताच त्या थोड्या वेळात मरतात. त्यामुळे बराच काळ उपाय एकच होता, प्राणी.

उलटी केलेली पिशवी

१९२७ मध्ये इंग्लंडमध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी विषारीपणा मोजण्याचे एक माप सुचवले : ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. पुढे हे माप एलडी-५० या नावाने जगभर रूढ झाले. प्राणी किती मेले ते त्यातून कळे. आतड्याच्या भिंतीत नेमके काय बिघडले ते कळत नसे. शिवाय उंदराचे पोट म्हणजे माणसाचे पोट नव्हे. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला पित्ताशयच नसते आणि त्याला उलटी करता येत नाही. नको ते पोटात गेले तर आपण ते ओकून टाकतो, त्याला ते शक्य नाही.

१९५४ मध्ये शेफिल्ड येथे विल्सन आणि वाइजमन यांनी एक साधी, पण हुशार युक्ती काढली. उंदराच्या लहान आतड्याचा तुकडा घ्यायचा आणि पायमोजा उलटा करावा तसा उलटा करायचा, म्हणजे आतली बाजू बाहेर येते. त्यात थोडे द्रावण भरायचे, दोन्ही टोके बांधायची आणि ती पिशवी प्राणवायू सोडलेल्या द्रवात ठेवायची. बाहेरच्या द्रवातला पदार्थ पिशवीत किती उतरला हे मोजले की आतड्याने काय आत घेतले ते कळे. आतडे प्राण्याच्या शरीराबाहेर काढून प्रश्न विचारण्याजोगे झाले. पण पिशवी थोडा वेळच तग धरी, आणि ती उंदराचीच होती.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयी एक पुस्तक लिहिले. प्राण्यांऐवजी दुसरे साधन वापरा, जमत नसेल तर प्राण्यांची संख्या कमी करा, तेही जमत नसेल तर त्यांचे हाल कमी करा, अशी त्यातली त्रिसूत्री होती. पण आतड्याच्या बाबतीत 'दुसरे साधन' तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

बहात्तर वर्षांचा माणूस

ते साधन आले अगदी वेगळ्या कामातून. न्यू यॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गन फोग माणसाच्या गाठींतल्या पेशी बशीत वाढवत होते. कर्करोगाच्या पेशींना थांबणे माहीत नसते, त्यामुळे त्या बशीतही वाढत राहतात आणि पिढ्यान् पिढ्या चालणारा पेशींचा वंश तयार होतो. १९७७ मध्ये फोग आणि सहकाऱ्यांनी अशा १२७ वंशांची माहिती छापली. हे वंश प्रतिकारशक्ती नसलेल्या केसविरहित उंदरांत टोचल्यावर गाठी तयार करत होते. हेतू कर्करोग समजून घेण्याचा होता. आतड्यातून औषध कसे शिरते याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

त्या मालिकेतल्या एकाचे नाव कॅको-२.  या पेशी मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या एका गोऱ्या पुरुषाच्या होत्या, वय वर्षे ७२. नोंदीतून त्याच्याविषयी याहून फारसे काही कळत नाही. दुसरा पुढे प्रसिद्ध झालेला वंश एचटी-२९, तो १९६४ मध्ये ४४ वर्षांच्या एका स्त्रीच्या गाठीतून तयार झाला. तीही निनावीच.

१९८३ मध्ये पॅरिसजवळच्या व्हिलजुइफ येथे आलँ झ्वाइबाउम यांच्या गटाने, स्ट्रासबूर्गच्या सहकाऱ्यांबरोबर काम करून, एक विलक्षण गोष्ट जाहीर केली. कॅको-२ पेशींना बशीत पूर्ण पसरू दिले आणि एकमेकींना भिडल्यावर तसेच ठेवले, तर त्या विभागणे थांबवतात आणि हळूहळू आपले रूप बदलतात. सुमारे तीन आठवड्यांत त्यांच्या वरच्या अंगाला झालर येते, शेजारणींशी घट्ट शिवण पडते आणि साखर तोडणारे सुक्रेज हे विकर तयार होते. हे सारे लहान आतड्याचे गुण, आणि पेशी मोठ्या आतड्याच्या गाठीतल्या! याचा एक धागा गर्भावस्थेपर्यंत जातो. गर्भात असताना माणसाच्या मोठ्या आतड्यालाही काही काळ उद्वर्ध असतात आणि तिथेही हे विकर सापडते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या गाठीतल्या पेशींना जणू जन्माआधीचे काही आठवत होते.

या पेशी मी एकदा प्रत्यक्ष पाहिल्या. माझ्या मित्राची मुलगी औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते. तिने सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली आणि म्हणाली, ''काका, ते फुगे दिसतात का बघा.'' फरसबंदीसारख्या सपाट थरात मधेमधे घुमट उठले होते. पेशी वरचे क्षार आणि पाणी शोषून खाली ढकलत होत्या. खाली प्लास्टिक, पाण्याला जायला वाट नाही, म्हणून थरच फुगून वर आला होता. शरीर केव्हाच गेले, पण त्या पेशी आतड्याचे काम करतच होत्या.

भिंतीला दुसरी बाजू

त्या घुमटांतच पुढच्या पायरीची खूण होती. बशीत आतड्याला एकच बाजू असते. खऱ्या आतड्याला दोन, एक अन्नाकडची आणि एक रक्ताकडची. उपाय असा निघाला की पेशी प्लास्टिकवर न वाढवता सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीवर वाढवायच्या आणि ती गाळणी एका छोट्या प्याल्यात टांगायची. वरच्या द्रवात पदार्थ घालायचा, खालच्या द्रवात किती उतरला ते मोजायचे. १९८९ मध्ये कॅन्सस विद्यापीठ आणि अपजॉन कंपनीच्या हिडाल्गो, रॉब आणि बोर्चार्ट यांनी ही पद्धत तपशिलाने मांडली. १९९१ मध्ये स्वीडनच्या पेर आर्टुरसन आणि कार्लसन यांनी २० औषधांची बशीतली गती आणि ती माणसाच्या शरीरात किती शोषली जातात याचे आकडे शेजारी मांडले. दोन्हींचा मेळ बसत होता. त्यानंतर औषध कंपन्यांनी ही पद्धत झपाट्याने उचलली.

विषारीपणाच्या दृष्टीने या रचनेचा खरा लाभ वेगळाच होता. भिंतीच्या दोन्ही बाजूंना विद्युतअग्रे ठेवून तिचा विद्युत रोध मोजता येतो. शिवण घट्ट असेल तर रोध जास्त, सैल झाली तर रोध कमी. म्हणजे पेशी मरण्याची वाट पाहावी लागत नाही. गहू आणि मक्यावर वाढणाऱ्या एका बुरशीचे डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे विष कॅको-२ भिंतीचा रोध खाली आणते. पेशी जिवंत दिसतात, पण शिवण उसवते. एलडी-५० ला दिसतो तो फक्त मृत्यू. इथे त्याच्या कितीतरी आधीची इजा दिसू लागली. 'विषारी' या शब्दाचा अर्थच त्यामुळे बदलला.

जे बशीत नव्हते

पण याच यशात एक धोका दडलेला होता. बशीने 'इजा नाही' म्हटले, की तो निर्वाळा माणसाच्या आतड्याचाच आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात बशीत जे आहे त्याच्यापुरतेच ते उत्तर असते.

काय नव्हते? पहिली गोष्ट, आतड्यावरचा बुळबुळीत संरक्षक थर. कॅको-२ तो नीट तयार करत नाहीत. १९९० च्या सुमारास व्हिलजुइफच्याच गटाने त्या ४४ वर्षांच्या स्त्रीच्या एचटी-२९ पेशींना मेथोट्रेक्सेट या औषधाची हळूहळू सवय लावून असा थर पाझरणाऱ्या पेशी मिळवल्या. पुढे दोन्ही वंश एकत्र वाढवण्याची रीत पडली. एकमेकांना कधीही न भेटलेली दोन माणसे एका गाळणीवर शेजारी आली.

दुसरी गोष्ट, औषधे मोडणारी विकरे. १९९१ मध्ये कॅनडाच्या डेव्हिड बेली यांनी दाखवले, की ग्रेपफ्रूटचा रस घेतल्यावर फेलोडिपिन हे रक्तदाबाचे औषध रक्तात कितीतरी जास्त उतरते. कारण आतड्याच्या भिंतीतले एक विकर ते औषध वाटेतच मोडत असते आणि रस त्या विकराला निकामी करतो. नेमके हेच विकर कॅको-२ मध्ये फार कमी असते. तेव्हा ज्या औषधाचे बरेवाईट या विकरावर अवलंबून आहे, त्याच्याबाबत बशीचे उत्तर अपुरे राहणार.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि ती मला थेट दादाच्या औषधाकडे घेऊन गेली.

नरक्या ते इरिनोटेकान

इरिनोटेकानचे मूळ कॅम्प्टोथेसिन या द्रव्यात आहे. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून ते वेगळे केले आणि १९६६ मध्ये जाहीर केले. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे टॅक्सॉल हे दुसरे मोठे कर्करोगविरोधी द्रव्यही याच जोडीने शोधले. १९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या एका झाडात सापडले. फुलांच्या दुर्गंधीमुळे आपण त्या झाडाला नरक्या म्हणतो. त्या शोधाची किंमत झाडाने मोजली. पुढे घाटमाथ्यावर नरक्याची बेसुमार तोड झाली.

कॅम्प्टोथेसिनच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या १९७० च्या आसपास झाल्या आणि तीव्र दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. रक्तपेशी घटल्या, मूत्राशयातून रक्तस्राव झाला, पोट बिघडले. जपानमध्ये याकुल्ट कंपनीने त्याच्यावरून इरिनोटेकान हे सुधारित औषध बनवले. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, तेव्हाही जुलाब हा त्याचा मोठा त्रास होताच.

ते आतड्याला कसे इजा करते? शिरेतून दिलेले औषध यकृतात जाते आणि तिथे त्याचे खरे मारक रूप तयार होते. यकृतच मग त्याला एक साखरेचा रेणू जोडून निरुपद्रवी करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. इथपर्यंत सारे ठीक. पण आतड्यातले जीवाणू ती साखर खाण्यासाठी तोडतात आणि मारक रूप पुन्हा मोकळे होते. ते खळग्यांतल्या विभागणाऱ्या पेशींना मारते. भिंत नवी होणे थांबते आणि काही दिवसांनी जुलाब सुरू होतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या 'काही दिवसांनी'चा अर्थ मला इथे कळला. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅथ्यू रेडिन्बो यांच्या गटाने जीवाणूंचे ते साखर तोडणारे विकर रोखून उंदरांमधला हा त्रास कमी करून दाखवला.

आता हे औषध नुसत्या कॅको-२ च्या भिंतीवर घालून पाहण्याची कल्पना करा. तिथे यकृत नाही, पित्त नाही, जीवाणू नाहीत. तीन आठवडे ठेवलेल्या पेशींनी विभागणे थांबवलेले असते, म्हणजे ज्यांच्यावर घाव बसायचा त्या पेशीच तिथे नाहीत. हा सगळा प्रवास त्या बशीत घडूच शकत नाही. बशी खोटे बोलणार नाही. तिला तो प्रश्नच कळणार नाही.

पुन्हा एकदा उलटे

ही उणीव भरून काढण्याची वाट नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट येथून निघाली. हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये आतड्यातल्या मूलपेशी ओळखण्याची खूण शोधली. २००९ मध्ये तोशिरो सातो आणि सहकाऱ्यांनी उंदराची अशी एकेक मूलपेशी जेलीसारख्या पदार्थात ठेवून तिच्यापासून चिमुकले आतडे वाढवले. त्यात खळगे होते, विभागणाऱ्या पेशी होत्या, बुळबुळीत थर पाझरणाऱ्याही होत्या. दोन वर्षांत माणसाच्या निरोगी आतड्यातूनही हे साध्य झाले. कर्करोगाच्या गाठीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.

पण या गोळ्यांत आतड्याची अन्नाकडची बाजू आत मिटलेली असते. विष घालायचे कुठून? २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे गोळे उलटे करण्याची, आतली बाजू बाहेर आणण्याची पद्धत जाहीर केली. शेफिल्डच्या त्या पिशवीला तेव्हा ६५ वर्षे झाली होती.

दुसरी वाट २०१२ मध्ये हार्वर्डच्या वीस संस्थेत डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने दाखवली. बोटाएवढ्या पारदर्शक रबरी पट्टीत दोन बारीक नळ्या, मध्ये लवचिक पडदा आणि त्यावर पुन्हा आपल्या त्याच कॅको-२. वरून द्रव वाहता ठेवला आणि खऱ्या आतड्याच्या हालचालीसारखा पडदा लयीत ताणला, तेव्हा त्या पेशींनी उद्वर्धांसारखी वळणे घेतली. त्यांच्यावर जिवंत जीवाणूही नांदवता आले. तोवर बशीत नसलेला एक मोठा भागीदार त्यामुळे आत आला.

कायदाही हळूहळू मागून आला. औषध भिंतीतून किती पार होते हे ठरवण्यासाठी कॅको-२ ला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ मध्ये जागा मिळाली. ही मान्यता पारगम्यतेपुरती आहे, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र म्हणून नव्हे, हे विसरू नये. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने औषधांच्या मंजुरीसाठी प्राण्यांऐवजी पेशींच्या चाचण्या आणि अशा पट्ट्या ग्राह्य धरण्याचा कायदा केला. भारताने २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत तशी दुरुस्ती केली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वंश पुरवले जातात, ही सोय आपल्या दारातच आहे.

हा सारा प्रवास पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. प्रत्येक पिढीने आदल्या पिढीच्या आतड्यात काय नाही ते ओळखले आणि तेवढे भरले : आधी दुसरी बाजू, मग बुळबुळीत थर, मग मूलपेशी, मग हालचाल आणि जीवाणू. ज्यांनी आपल्या बशीला पूर्ण आतडे मानले नाही, त्यांनीच शास्त्र पुढे नेले. यापुढे प्राण्यांवरचे प्रयोग कमी होतील आणि ते व्हायलाच हवेत. पण एखादी वस्तू 'पेशींवर तपासलेली, सुरक्षित' असे वाचले की ग्राहक म्हणून आपण विचारावे : कोणत्या पेशी? किती दिवसांच्या? त्यांच्यासोबत काय होते आणि काय नव्हते?

आणि तो बहात्तर वर्षांचा माणूस? त्याची गाठ प्रयोगशाळेत गेली तेव्हा अशा वापराची संमती रुग्णाकडून घेण्याची रीत नव्हती. आज जगातल्या असंख्य गोळ्या त्याच्या पेशींच्या भिंतीवरून पार होऊन मग आपल्या पोटात येतात. त्याला झाला तोच आजार दादाला झाला. घरच्या फळीवरच्या त्या गोळ्यांची पट्टी वहिनीने अजून टाकलेली नाही. तिच्यात चार गोळ्या उरल्या आहेत.